गुऱ्हाळातली कृष्णा

महाराष्ट्रातून बशी नाहीशी होत चालली आहे, आणि या अरिष्टाची दखल घ्यायला शासन, समाज किंवा वृत्तपत्रं यांपैकी कोणीही तयार नाही, हे आरंभीच नोंदवून ठेवतो. साताऱ्याच्या एस.टी. स्टँडवर मी चहा मागितला. आला तो पेल्यात. काठोकाठ, उकळता आणि निराधार. उष्ण द्रव पसरट पात्रात ओतून त्याचा दाह शमवावा, हे ज्ञान आपल्या पूर्वजांनी केवढ्या तपश्चर्येने मिळवलं असेल! मी गल्ल्यावरच्या मालकांना नम्रपणे विचारलं, "बशी मिळेल का?"

त्यांनी वाकून माझ्या पायांशी पाहिलं. "का वो, मांजर आनलंय का संगं?"

जीभ भाजून घेतली आणि कऱ्हाडच्या गाडीत चढलो.

वैशाखात पुण्याहून निघालेली शहाणी माणसं वाईवरून वर वळतात आणि पाचगणीच्या गारव्यात जाऊन बसतात. मी मात्र तापलेल्या कृष्णाकाठाने खाली उतरत होतो, कारण वसंताचं कार्ड आलं होतं. त्यात दोनच वाक्यं होती. 'वाळू बघायला ये. शनिवारच्या आत ये.'

वसंता माझा संस्कृत पाठशाळेतला सोबती. 'नदी' हा शब्द त्याला शेवटपर्यंत चालवता आला नाही. गुरुजींनी त्यासाठी त्याला उन्हात उभं केलं, भिंतीकडे तोंड करून बसवलं, अखेर स्वतःच हात टेकले. पुढे तो पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर झाला आणि जन्मभर नद्याच चालवत बसला. मुदतीआधी निवृत्ती घेऊन तो आता बायकोच्या माहेरी, कऱ्हाड आणि सांगलीच्या मधल्या एका गावात राहतो. गावाचं नाव देत नाही, आणि माणसांची नावं बदलली आहेत. कारण पुढे कळेल.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. साताऱ्यात मुक्काम करायचा तर राजवाड्याजवळ खोल्या मिळतात, गाद्यांची अपेक्षा मात्र मर्यादित ठेवावी. कंदी पेढे परतीच्या वाटेवर घ्यावेत, उन्हाळ्यात ते प्रवासात रडू लागतात. कऱ्हाडला उतरून संगम जरूर पाहावा आणि मग इस्लामपूरच्या गाडीत बसावं. पुण्यापासून फाट्यापर्यंतचं सगळं भाडं मिळून दहा रुपयांत बसतं. फाट्यापासून पुढे उसातून कोसभर चाल आहे. छत्री हवीच.

इस्लामपूरच्या गाडीत माझ्या पुढच्या बाकावर दोन शेतकरी बसले होते. खिडकीतून नदीची रेघ दिसली तसा एकजण म्हणाला, "पानी वाढलंय गड्या."

"वरनं सोडलंय धरनातनं."

"आत्ता? वैशाखात?"

"त्येला काय वैशाख आन काय श्रावन. पयलं नदी म्हैन्यावर चालायची. आता सायबाच्या फोनावर चालती."

दोघं हसले. मीही हसलो. या संभाषणाचा माझ्याशी काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी वसंताच्या ओसरीवर भाकरी, आमटी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा खर्डा यांच्या साक्षीने त्याने मला प्रकरण सांगितलं. पलीकडच्या काठावर शनिवारी देवीची जत्रा. अलीकडच्या वाड्यावस्त्यांतून तीस-चाळीस बैलगाड्या, बाया, पोरं, नवसाची बकरी, सगळं नदीतूनच पार होतं. उन्हाळ्यात पात्रात एका जागी गुडघाभर पाण्याखाली टणक वाळूची पट्टी असते, तिला उतार म्हणतात. मार्गशीर्षात पाणी ओसरलं की तात्या नावाडी अनवाणी पात्रात उतरतो, तळपायाने वाळू चाचपत पलीकडे जातो आणि जाता जाता काठ्या रोवतो. लाल चिंध्या बांधलेल्या अकरा काठ्या. नारळ फुटतो. मग मृग निघेपर्यंत त्या काठ्यांना कोणी हात लावत नाही. काठी हलवणं म्हणजे तात्याला खोटं ठरवणं, आणि नदीलाही.

"चौथ्या आणि सातव्या काठीच्या मधे खाली काही उरलेलं नाही," वसंता म्हणाला. "वर रवाळ पापुद्रा आहे, खाली पीठ. माणूस एखादवेळ जाईल. भरलेली गाडी गेली की बसणार, बैलांसकट."

"मग सांग ना गावाला."

"सांगितलं. हसले."

हसण्याला कारण होतं, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

गुरुवारी सकाळी तो मला गुऱ्हाळात घेऊन गेला. गुऱ्हाळ दोन वर्षं बंदच आहे, त्यामुळे ते त्याने मागून घेतलं आहे. आत शिरलं की अजून जळक्या गुळाचा वास अंगावर येतो. चुलवण थंड पडलेलं. पण जिथे गुळाच्या ढेपा ओळीने मांडत तिथे जमिनीवर कृष्णा वाहत होती. खोटं नाही सांगत. विटा आणि सिमेंटचं तीसेक फूट लांबीचं पात्र, त्याला गावाजवळचं नेमकं वळण, वळणाच्या पोटात वाळवंट, काठावर चिंचेच्या जागी चिंचेची डहाळी. रस उकळायची भली मोठी काहील उंचावर चढवून तिची टाकी केली होती. अकरा उतारकाठ्यांच्या जागी आगपेटीतल्या अकरा काड्या उभ्या होत्या.

वाळूचे त्याने चाळण्यांनी तीन भाग पाडले आहेत. गावच्या बायकांनी त्यांना नावं दिली आहेत: बाजरी, रवा आणि पीठ. बाजरी तशीच काळी, रव्याला हळद, पिठाला गेरू. पाणी कोणाला कुठे नेतं ते दिसावं म्हणून.

तेवढ्यात हौसाक्का घमेलं घेऊन आली. साठीची बाई, वसंताला वाळू आणून देण्याचं काम तिच्याकडे आहे.

"हिला विचार लोक मला का हसतात ते," वसंता म्हणाला.

"आवं, पुन्यांदा त्येच का!" हौसाक्काने घमेलं आपटलं. "गेल्या सालाला ह्येनी म्हनलं वाळू आन. आनली. चार पान्यांनी धुतली, उन्हात वाळवली, काडी-कचरा येचला. सायबाच्या घरात मळकी वाळू टाकायची व्हय? पावन्याला काय कोंडा घालतो का आमी?"

झालं ते असं. वसंताच्या नदीला मळ, गाळ, पीठ असं काही मिळालंच नाही. आदरापोटी तिला नुसती निवडलेली वाळू घातली गेली. त्या सोज्वळ नदीने सांगितलं की चिंचेखालचा काठ अढळ आहे. वसंताने ते चावडीवर जाहीर केलं. पंधरा दिवसांत तो काठ कलिंगडांच्या वेलांसकट पाण्यात गेला. तेव्हापासून गावात एखाद्याने थाप मारली की म्हणतात, 'ओव्हरशेरच्या नदीत बघितलंस काय?'

"या खेपेला मळकी घातली आहे," वसंता म्हणाला. "बघ."

त्याने काहिलीची तोटी सोडली. वरून धरणाचं पाणी सुटावं तसं पाणी आलं. मला वाटलं होतं, खळखळाट होईल. काहीच आवाज झाला नाही. पाणी काचेसारखं सरकत होतं आणि त्याच्याखाली वाळू निघाली होती. आपण तिच्याकडे बघत असलो की ती हलत नाही. जरा डोळा हलला की जागा बदललेली. काळे दाणे मागे राहिले, पिवळे वळणाच्या पोटात जमले. काड्यांच्या मधे मात्र पापुद्रा फाटून खालून गेरू वर आला. आधी एक ठिपका, मग बोटभर रेघ. मग पाचवी काडी हळूच कलली. कलली ती प्रवाहाबरोबर नाही, प्रवाहाच्या उलट, वरच्या अंगाला. कोणीतरी खालून धरून आपल्याकडे ओढावी तशी.

"उलटी का रे पडते?"

"पाणी काडीला अडलं की आधी तिच्या पुढ्यातलं उकरतं. काडी त्या खड्ड्यात पडते." वसंता हे शाळामास्तरच्या आवाजात बोलला, पण त्याचा हात तोटीवर तसाच राहिला होता. हौसाक्काने पदर डोक्यावर घेतला आणि रिकामं घमेलं तिथेच टाकून निघून गेली.

संध्याकाळी आम्ही तात्याकडे गेलो. "तू बोल," वसंता वाटेत म्हणाला. "तू संस्कृतात बोलतोस असं मी त्यांना सांगून ठेवलंय. तुझा मान ठेवतील." माझ्या विद्येचा एवढा व्यवहार्य उपयोग आजवर कोणी केला नव्हता.

तात्या अंगणात बाजेवर बसला होता. सत्तरीचा, काटक, पाय बाजेखाली सोडलेले. त्याचा मुलगा ज्ञानू, पस्तिशीचा, माधवनगरच्या गिरणीत बारा वर्षं काढून परत आलेला, होडीला डांबर लावत होता. पायात रबरी चपला.

"या ओव्हरशेर," ज्ञानू म्हणाला. "आज कंची नदी वाहून गेली?"

"गप रं," तात्या म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. "बोला शास्त्रीबुवा."

मी बोललो. शक्य तितकं सरळ बोललो. गुऱ्हाळातली पाचवी काडी सांगितली. काठ्यांवर अविश्वास नाही, पण मार्गशीर्षापासून धरणाचं पाणी तीनदा येऊन गेलंय, हे सांगितलं. तात्या ऐकत होता. त्याला राग आला नाही, आणि तेच मला विचित्र वाटलं. ज्याच्या घराण्याने काठ्या रोवल्या त्याला राग यायला हवा होता.

"काठ्या बापानं रवल्यात," ज्ञानूच तापला. "आगपेटीच्या काडीनं त्या खोट्या पाडता व्हय?"

"सकाळी जाऊन बघतो," तात्या म्हणाला. "शास्त्रीबुवा, तुमी चला माज्या मागं. ओव्हरशेर नगंत. ज्ञान्या, तूबी नगंस."

शुक्रवारी उजाडताना आम्ही दोघंच नदीवर गेलो. रात्री वरून पाणी येऊन गेलं होतं, पात्रावर धुक्याचा पातळ धूर तरंगत होता. पलीकडचा काठ नव्हताच. पहिल्या तीन काठ्या दिसत होत्या, पुढच्या धुरात. काठावर बाभळी आहेत. तात्या अनवाणी म्हणून मीही चपला काढल्या आणि काटे चुकवत चाललो. तात्या सरळ चालत गेला. पुढे कोरड्या वाळूवर त्याच्या पावलांमागून जाताना मला दिसलं की त्याच्या उजव्या पावलाच्या प्रत्येक ठशात एक लाल ठिपका आहे. मला गेरू आठवला. तेव्हाच त्याला का सांगितलं नाही ते आजही सांगता येत नाही.

पाणी गार होतं. तिसऱ्या काठीपाशी तात्या थांबला. "कान लावा," म्हणाला.

"काठीला?"

"लावा की."

मी काठीच्या माथ्याला कान लावला. आधी नुसता गार लाकडाचा स्पर्श. मग आतून आवाज आला. सळ, सळ, सळ. खूप लांब, खूप खाली, कोणीतरी सुपात धान्य पाखडत बसलं असावं, न थकता, न थांबता. वर पाणी अगदी शांत होतं. पुण्याच्या डांबरी रस्त्यांवरचा माणूस मी, देवभोळा नाही. पण मी कान काढून घेतला.

"ती निवडती," तात्या म्हणाला. "जाड हिकडं, बारीक तिकडं. रातध्याड."

चौथी काठी सरळ होती. धुरातून पाचवी पुढे आली. ती वरच्या अंगाला कलली होती, प्रवाहाच्या उलट. जेवढी काडी कलली होती तेवढीच.

मी जागच्या जागी उभा राहिलो. तात्या चालतच होता. वर आकाशाकडे बघत, सवयीने, रस्त्याने जावं तसा. दोन पावलं गेला आणि त्याचा डावा पाय मांडीपर्यंत खाली गेला. तो ओरडला नाही, दचकलासुद्धा नाही. आपण बुटके झालो आहोत याचं त्याला नवल वाटलं असावं. पुढचं पाऊल टाकायला त्याने उजवा पाय उचलला तेव्हा मी त्याच्या काखेत हात घालून मागे खेचलं. वाळूने पाय सोडला तो सावकाश, चोखत.

कोरड्यावर येऊन दोघं बसलो. त्याच्या उजव्या तळव्यात बाभळीचा काटा मुळापर्यंत गेलेला होता.

"तात्या, पायात काटा आहे."

"कुटल्या?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तोही माझ्याकडे बघत होता, आणि त्याला कळलं की मला कळलं.

"कवापासून?" मी त्याच्याच बोलीत विचारून गेलो.

"गेल्या दिवाळीपासनं. आदी बोटं गेली, मग टाच. आता गुडघ्याखाली काय हाय त्ये डोळ्यानं बघावं लागतंय."

"मग मार्गशीर्षात काठ्या कशा रोवल्या?"

त्याने नदीकडे हात केला. "गेल्या साली जितं हुत्या तितं."

नदीवरचा धूर विरत होता. अकरा काठ्या एका ओळीत दिसू लागल्या. गेल्या वर्षीच्या नदीत रोवलेल्या, लाल चिंध्यांनी सजलेल्या.

"ज्ञानूला शिकवलं नाहीत?"

"बारा वरसं गिरनीत फरशीवर हुबा ऱ्हायला त्यो. पाय लोन्यागत झाल्यात. समदी वाळू त्येला सारकीच लागती." त्याने आपल्या पायांवर हात फिरवला, दुसऱ्याच्या पायांवर फिरवावा तसा. "माजं गेलं आन त्येचं आलंच न्हाईत. शास्त्रीबुवा, त्येला सांगू नगा. कुनालाच नगा. माज्या गळ्याची शपत हाय. गाड्या म्या थांबवतो."

मी शपथ घेतली. काटा काढला. रक्त आलं; तो मान वळवून नदी बघत होता.

त्या दुपारी पारावर तात्याने एवढंच सांगितलं, "औंदा नदी वाट देत न्हाई. पुलावरनं जावा."

गलका झाला. पूल दहा मैल वर, म्हणजे शनिवारी पहाटे निघायचं, बैलांचे हाल. "आवं तात्या, पर का?" असं एकाने विचारलं. "तिला इचार," तात्या म्हणाला आणि उठला. लोकांनी कुरकुर केली आणि ऐकलं. वसंताचं नाव कोणी काढलं नाही. त्याला त्याचं थोडं वाईट वाटलं, पण शनिवारी गाड्यांचे कंदील पुलाच्या वाटेने ओळीने जाताना पाहून तो ओसरीवर उभा राहिला आणि मला म्हणाला, "शेवटी तुझं संस्कृत उपयोगी पडलं!" मी मान डोलावली. खोटं बोलायला नेहमी बोलावंच लागतं असं नाही.

रविवारी सांगलीला आलो. गणपतीचं देऊळ पाहिलं, भडंग घेतलं. (भडंग घ्यावं तर सकाळीच, ताजं मिळतं, लसणाचं जास्त चांगलं.) संध्याकाळी घाटावर गेलो. लोक वाळवंटात हिंडत होते, मुलं किल्ले करत होती, एक नवीन लग्न झालेलं जोडपं पाण्याच्या कडेकडेने चाललं होतं. मी शेवटच्या पायरीवर बसलो. वाळूवर पाय ठेवला नाही. तिथल्या तिथे कान लावून बघायची मात्र फार इच्छा झाली. मग मिरजेला जाऊन पुण्याची गाडी धरली.

कृष्णाकाठची ही सफर करावी का, असं मला कोणी विचारलं तर जरूर करावी असं मी सांगतो. माघात जावं, हुरड्याच्या दिवसांत. नदीत उतरायचं तर तिथला माणूस पुढे असल्याशिवाय उतरू नये. वसंता आपली नदी कोणालाही आनंदाने दाखवेल, चहाही देईल.

काल त्याचं पत्र आलं. जत्रेनंतर वरून पुन्हा पाणी आलं. पाचवी, सहावी, सातवी या काठ्या आता दिसत नाहीत आणि तिथे बांबू टाकला तर टेकत नाही. हौसाक्का हल्ली न धुतलेली वाळू आणते, नाक मुरडून का होईना. चावडीवर कोणी हसत नाही. पुढच्या मार्गशीर्षात काठ्या रोवण्याआधी गुऱ्हाळात येऊन बघायचं ज्ञानूने कबूल केलं आहे. वसंता खुशीत आहे. शेवटी त्याने लिहिलं आहे: 'तात्या हल्ली रोज पहाटे एकटाच पात्रात उतरतो. अनवाणी, तास-तासभर. ज्ञानूला वाटतं, म्हातारा नदीची पूजा करतो. मला वाटतं, माझ्या गुऱ्हाळातल्या नदीची परीक्षा घेतोय. बरं वाटतं बघून.'

मला बरं वाटत नाही. तो काय शोधतो आहे ते मला माहीत आहे. कुठेतरी, एखाद्या पावलाला, बाजरी लागते का रवा, तेवढं एकदा पुन्हा कळावं म्हणून तो जातो. वसंताला मी काही कळवलं नाही, ज्ञानूलाही नाही. हा मजकूर त्या गावात पोचणार नाही. तात्या वाळूत उतरला म्हणून काळजीने काठावर जाऊन उभं राहावं, असं त्या गावात कोणालाही सुचणार नाही. वाळू त्याच्याइतकी कोणाला कळते? मी शपथ पाळली आहे, आणि मला तिचीच भीती वाटते. वाळू त्याच्या घोट्यापर्यंत येईल, गुडघ्यापर्यंत येईल, आणि त्याला ते कळणार नाही.